रायफलीचे मुख : एका अक्षाची गोष्ट

रायफलीची नळी ही वरवर पाहता पोलादाची एक साधी नळी भासते. तिच्या एका टोकास काडतूस बसते, दुसऱ्या टोकातून गोळी बाहेर पडते आणि मग नळीचे काम संपते, अशीच पाहणाऱ्याची समजूत होते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. गोळी मुखातून बाहेर पडते त्या क्षणी नळीमध्ये शेकडो वातावरणांच्या दाबाचा तप्त वायू कोंडलेला असतो. गोळीच्या पाठोपाठ तो अतिशय वेगाने बाहेर धावतो. त्याच्या धावण्याने नेमबाजाच्या खांद्यास धक्का बसतो, नळीचे तोंड वर उचलले जाते, अंधारात डोळे दिपविणारी ज्वाला दिसते आणि कान बधिर करणारा आवाज होतो.

या वायूला वळण लावण्याकरिता नळीच्या मुखावर जी साधने बसवितात, त्यांना आपण 'मुखसाधने' म्हणू. ही साधने हाताच्या मुठीत मावतील एवढी लहान असतात आणि आट्यांच्या साहाय्याने नळीवर फिरवून बसवितात. पाण्याच्या नळाला तोटी बसवावी तितकेच हे काम सोपे वाटते. पण तोटी किंचित वाकडी बसली तर पाण्याचे काही बिघडत नाही. मुखसाधन वाकडे बसले तर त्यातून सेकंदाला साडेसातशे मीटर वेगाने जाणारी गोळी साधनाच्या कडेवर आदळू शकते. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या कामामागे कोणते शास्त्र आहे, ते समजून घेणे उद्बोधक ठरेल.

वायूचा वाटा किती?

भारतात दीर्घकाळ वापरात असलेल्या .३०३ रायफलीचे उदाहरण घेऊ. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात या रायफली बनत असत. तिची गोळी सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची असून ती मुखातून सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने बाहेर पडते. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग होय. या हिशेबाने गोळीचा संवेग सुमारे ८.४ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद येतो.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढाच संवेग रायफलीला उलट दिशेने मिळतो. पण धक्क्याचा हिशेब येथे पूर्ण होत नाही. काडतुसातील सुमारे २.४ ग्रॅम धूम्रहीन दारूचा जळून वायू होतो आणि तोही पुढच्याच दिशेने बाहेर पडतो. त्याचा परिणामकारक वेग गोळीच्या वेगाच्या दीडपटीहूनही थोडा अधिक, म्हणजे सेकंदाला सुमारे १,२०० मीटर धरला, तर त्याचा संवेग सुमारे २.९ भरतो. अर्थात एकूण धक्क्यापैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या वायूचा असतो.

मुखसाधनाचे सारे सामर्थ्य या चौथ्या हिश्श्यात साठविलेले आहे. गोळीमुळे बसणारा धक्का कोणत्याही उपायाने टळत नाही. वायूचा धक्का मात्र टाळता येतो. वायूला सरळ पुढे जाऊ न देता उजव्या-डाव्या बाजूंना सारखा वळविला, तर एकूण संवेग चतुर्थांशाने घटतो. धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती त्याहून अधिक, जवळजवळ निम्म्यापर्यंत उतरते. वायूला किंचित मागे वळविल्यास लाभ आणखी वाढतो. ज्या काडतुसात गोळीच्या मानाने दारू अधिक असते, तेथे वायूचा हा वाटाही मोठा असतो.

मुखसाधनांचे मुख्य प्रकार चार मानता येतील. वायूला बाजूंना किंवा मागे वळवून धक्का कमी करणारे ते धक्कारोधक. वायूचा काही भाग वरच्या बाजूस सोडून नळीचे तोंड खाली दाबून धरणारे ते उचलरोधक. वायूचा झोत फोडून तो थंड हवेत चटकन मिसळविणारे आणि त्यामुळे अर्धवट जळालेल्या वायूचा पुन्हा भडका उडू न देणारे ते ज्वालारोधक. आणि वायूला अनेक कप्प्यांतून फिरवून त्याचा दाब हळूहळू उतरविणारे ते ध्वनिरोधक.

ही कल्पना अगदी नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच तोफखान्यातील अधिकारी त्र्यूई द बोल्यू यांनी नळीच्या मुखाजवळ तिरपी छिद्रे पाडून धक्का कमी करण्याचे प्रयोग केले होते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौसैनिक दलातील कर्नल रिचर्ड कट्स यांच्या नावाने ओळखले जाणारे उचलरोधक थॉम्पसन बंदुकीवर दिसू लागले. १९४४ साली ब्रिटनमध्ये जंगलातील लढाईसाठी .३०३ रायफलीचा एक आखूड व हलका प्रकार बनविण्यात आला. नळी आखूड झाल्यामुळे मुखाशी ज्वाला मोठी दिसे. म्हणून तिच्यावर शंकूच्या आकाराचा ज्वालारोधक बसविण्यात आला. पुढे ईशापूर येथे बनलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या स्वयंभरण रायफलीच्या मुखावरही ज्वालारोधक होता.

मुखाची कड

साधन बसविण्यापूर्वी कारागीर प्रथम नळीच्या मुखाची कड तपासतो. याचे कारण असे की, गोळीवर नळीचा जो अखेरचा संस्कार होतो, तो याच कडेपाशी होतो.

नळीच्या आतील पेचदार खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते. .३०३ रायफलीत दर दहा इंचांस एक फेरा, या हिशेबाने गोळी मुखातून बाहेर पडताना सेकंदाला सुमारे २,९०० फेरे घेत असते. भोवरा ज्याप्रमाणे फिरत असेपर्यंत उभा राहतो, त्याप्रमाणे ही गोळी फिरकीमुळे आपले टोक पुढे राखते. आता मुखाची कड एका बाजूस जरी खरचटलेली असली, तरी गोळीचे बूड तेथे क्षणभर आधी मोकळे होते. कोंडलेला वायू त्याच फटीतून प्रथम निसटतो आणि गोळीच्या बुडाला बाजूस ढकलतो. भोवऱ्याला सोडता सोडता बोटाचा धक्का लागावा, तसाच हा प्रकार होय.

अमेरिकेतील डॉ. फ्रँकलिन मान या वैद्यकाने गोळीच्या उड्डाणाविषयी दीर्घकाळ प्रयोग करून १९०९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळीचे टोक बिघडले तर नेमात पडणारा फरक तुलनेने थोडा असतो. परंतु बूड बिघडले तर गोळी फार भरकटते, असे त्यांना आढळून आले. गोळीचे बूड आणि मुखाची कड यांची जोडी किती नाजूक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आटे ओढतात, खांदा सरळ करतो

मुखसाधन बसविण्यासाठी नळीच्या टोकावर बाहेरून आटे पाडावे लागतात. आट्यांच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी आहे, ते इंग्लंडमधील यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सर्व कारखान्यांनी एकाच मापाचे आटे वापरावेत, अशी सूचना मांडली. पुढे याच व्हिटवर्थ यांनी षट्कोनी छिद्राची रायफल बनविली आणि १८५७ च्या चाचण्यांत तिने तत्कालीन एनफील्ड रायफलीस नेमाच्या बाबतीत मागे टाकले. आटे आणि रायफलीची नळी हे दोन्ही विषय एकाच पुरुषाने हाताळावेत, हा निव्वळ योगायोग नव्हे. दोहोंचा प्राण अचूक मोजमापातच आहे.

येथे पहिली अडचण उभी राहते. वीस-पंचवीस इंच लांबीच्या पोलादी दांड्यात छिद्र पाडताना ड्रिल किंचित भरकटते. परिणामी नळीच्या छिद्राचा मध्य आणि तिच्या बाह्यांगाचा मध्य हे नेमके एकाच ठिकाणी असतातच असे नाही. कारागिराने बाह्यांग प्रमाण मानून आटे पाडले, तर आटे बाहेरून डौलदार दिसतील. पण गोळी बाह्यांगावरून धावत नाही, ती छिद्रातून धावते. म्हणून कुशल कारागीर नळी लेथवर धरताना छिद्रात घट्ट बसणारी एक घासून गुळगुळीत केलेली सळई घालतो, तिच्या पृष्ठभागाला डायल गेज लावतो आणि गेजचा काटा जवळजवळ स्थिर होईपर्यंत चकाचे चारही जबडे थोडे थोडे हलवीत राहतो. छिद्राचा अक्ष लेथच्या अक्षाशी जुळला, म्हणजे मगच आटे पाडण्यास प्रारंभ होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची असून नवशिक्याच्या सहसा लक्षात येत नाही. साधन सरळ बसते ते आट्यांमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कोणत्याही आट्यांत थोडी ढिलाई ठेवावीच लागते. तिच्यावाचून साधन फिरणारच नाही. या ढिलाईमुळे साधन इकडेतिकडे किंचित डुलू शकते. ते डुलणे थांबते ते आट्यांच्या मुळाशी असलेल्या पायरीवर, अर्थात खांद्यावर साधनाची कड टेकल्यानंतर. आटे साधनाला मागे ओढतात आणि खांदा त्याला सरळ करतो. म्हणून हा खांदा छिद्राच्या अक्षाशी बिनचूक काटकोनात असला पाहिजे.

तो तसा नसला तर काय होईल, याचा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. समजा, १८ मिलिमीटर व्यासाच्या खांद्याची एक बाजू दुसरीपेक्षा ०.०५ मिलिमीटरने उंच राहिली. माणसाच्या केसाच्या जाडीहूनही हा फरक कमी आहे. पण त्यामुळे साधन ३६० ला १ या प्रमाणात कलते. साधनाची लांबी ६० मिलिमीटर असेल, तर त्याचे पुढचे तोंड सुमारे ०.१७ मिलिमीटर सरकते. सुमारे ७.८ मिलिमीटर व्यासाच्या गोळीसाठी साधनाचे छिद्र ८.४ मिलिमीटरचे ठेवले, तर सर्व बाजूंनी ०.३ मिलिमीटर मोकळी जागा असते. गोळी अद्यापही निसटून जाईल. पण वायूचा झोत दोन्ही बाजूंना सारखा राहणार नाही आणि नेमात फरक पडू लागेल. आता साधन १८० मिलिमीटर लांब असल्याची कल्पना करा. त्याचे तोंड ०.५ मिलिमीटर सरकेल, आणि मोकळी जागा मात्र ०.३ च! गोळी कडेवर आदळणार, हे उघड आहे. चूक तीच, पण लांबीने तिचे रूपांतर अपघातात केले.

कोनाचा प्रश्न

ज्वालारोधक चहूबाजूंनी सारखा असेल, तर तो फिरून कोणत्याही कोनात थांबला तरी चालते. उचलरोधकाचे तसे नसते. त्याची छिद्रे वरच्या बाजूसच राहिली पाहिजेत. १९५९ साली सोव्हिएत रशियात स्वीकारलेल्या एकेएम रायफलीच्या मुखावर आढळणारे तिरपे कापलेले लहान नळकांडे पाहावे. तिरक्या कापामुळे त्याचा ओठ खालच्या डाव्या बाजूस पुढे आलेला असतो. वायू त्यावर आदळतो आणि वर व उजवीकडे उचलू पाहणारे मुख खाली व डावीकडे दाबले जाते. हे नळकांडे दुसऱ्या कोनात बसले, तर तेच मुखाला भलत्या दिशेला ढकलील. म्हणून स्प्रिंगची एक खुंटी त्याच्या कडेवरील खाचेत अडकते आणि त्याला नेमून दिलेल्या कोनातच धरून ठेवते.

जेथे अशी खुंटी नसते, तेथे खांदा आणि साधन यांच्यामध्ये वॉशर किंवा पातळ पोलादी चकत्या घालून कोन साधतात. समजा, एका इंचात २४ आटे आहेत. मग एका पूर्ण फेऱ्यात साधन सुमारे १.०६ मिलिमीटर पुढे सरकते आणि पाव फेऱ्यात सुमारे ०.२६ मिलिमीटर. साधन खांद्यावर टेकले तेव्हा त्याची छिद्रे योग्य जागेच्या ९० अंश पुढे निघून गेली असतील, तर ०.२६ मिलिमीटर जाडीची चकती त्यांना नेमकी तेवढीच अलीकडे थांबवील. प्रत्यक्षात कारागीर किंचित अधिक जाडीची चकती घेतो. त्यामुळे हाताने फिरवून साधन खुणेच्या थोडे अलीकडे थांबते आणि पान्याने घट्ट आवळताना खुणेवर येते.

चुरडून बसणारा मऊ वॉशरही बाजारात मिळतो. तो आवळला की दबत जातो आणि हवा तो कोन सहज साधतो. परंतु तो सर्व बाजूंनी सारखा दबेलच याची शाश्वती नसते. खांद्याने दिलेला काटकोन हा वॉशर हिरावून घेतो. लहान ज्वालारोधकाला तो चालून जातो. जेथे साधन लांब आहे किंवा नेम अतिसूक्ष्म हवा आहे, तेथे पोलादी चकत्याच वापरतात, कारण त्यांचे दोन्ही पृष्ठभाग परस्परांना समांतर घासलेले असतात.

सर्व झाल्यावर परीक्षा होते. रायफल पूर्णपणे रिकामी असल्याची खात्री करून नळीच्या छिद्रात जेमतेम सरकेल अशी एक सरळ सळई आत घालतात आणि तिचे टोक साधनाच्या तोंडापर्यंत आणतात. मग समोरून पाहिले असता सळईभोवती मोकळ्या जागेचे कडे दिसते. ते सर्व बाजूंनी सारख्या रुंदीचे असेल, तर अक्ष जुळला. एका बाजूस चंद्रकोरीसारखे जाड आणि दुसऱ्या बाजूस निमुळते असेल, तर काम पुन्हा लेथवर न्यावे लागते. आणि साधन अचूक बसले तरी नळीच्या टोकावर नवे वजन आल्याने तिच्या कंपनाची रीत बदलते. यास्तव रायफलीचा नेम नव्याने जुळवावा लागतो.

चुकीचे मोल

रायफलीत जे तत्त्व, तेच तोफेत मोठ्या प्रमाणावर दिसते. जबलपूर येथील कारखान्यात बनलेल्या १५५ मिलिमीटरच्या 'धनुष' तोफेच्या मुखावर धक्कारोधक आहे. २०१७ साली पोखरण येथील चाचण्यांच्या वेळी गोळा या धक्कारोधकावर आदळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्याचा तपास झाला, २०१८ मध्ये पुढील चाचण्या पार पडल्या आणि ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा तोफा सैन्याच्या स्वाधीन करण्यात आल्या. तोफ, गोळा, दारू आणि मुखसाधन या साऱ्यांची साखळी रायफलीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची असते. तरीही मुखापाशी मोकळी जागा थोडी आणि वेग प्रचंड, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी समान आहे. तेथे चूक क्षमा केली जात नाही.

लाभाबरोबर हानीही

मुखसाधन फुकट काहीच देत नाही. धक्कारोधक वायूला बाजूंना व मागे वळवितो, आणि वायूबरोबर आवाजही तिकडेच वळतो. रायफलीचा आवाज मुळातच सुमारे १६० डेसिबलच्या घरात असतो. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही मर्यादा धोक्याची मानतात. धक्कारोधक बसविल्याने नेमबाजाच्या खांद्याला विसावा मिळतो, पण त्याच्या कानाला आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानाला अधिक मारा सोसावा लागतो. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. कर्णरक्षक वापरल्यावाचून अशा रायफलीच्या जवळ उभे राहणे हे शहाणपणाचे नाही.

याउलट आवाज कमी करण्याचा मार्ग हिराम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन संशोधकाने शोधला. त्याच्या पित्याने १८८४ साली मशीनगन निर्माण केली होती. पुत्राला १९०९ साली ध्वनिरोधकाचे पेटंट मिळाले. वायूला एकदम मोकळे न सोडता कप्प्याकप्प्यांतून फिरवून शांत करावे, हे तत्त्व त्याने पेट्रोलच्या इंजिनांसाठीही उपयोगात आणले. आज रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या धूर सोडणाऱ्या नळीवर जे फुगीर नळकांडे दिसते, ते या कल्पनेचे भावंडच होय.

क्रीडाक्षेत्रात मात्र अशा साधनांना वाव नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे यांनी ज्या ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले, त्या प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफलीवर धक्कारोधक वा उचलरोधक बसविण्यास मनाई आहे. नळीच्या टोकावर बिनछिद्रांची पोकळ जोडनळी बसविता येते. तिच्यामुळे पुढची माशी लांब जाऊन नेम अधिक बारकाईने धरता येतो. पण तिलाही अक्षाचा तोच नियम लागू होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुका बनविणे, दुरुस्त करणे किंवा त्यांत फेरफार करणे ही कामे परवान्यावाचून करता येत नाहीत. हा हौसेचा खेळ नव्हे. लेथ, डायल गेज आणि परवाना या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत, त्याच कारागिराचे हे क्षेत्र आहे.

विद्यार्थ्याने मात्र यातील तत्त्व अवश्य आत्मसात करावे, कारण ते रायफलीपुरते मर्यादित नाही. पंपाचा दंड मोटारीला जोडताना, दुर्बिणीत भिंगे बसविताना किंवा सायकलचे चाक आसावर चढविताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : प्रमाण कशाला मानावयाचे? डोळ्यांना दिसणाऱ्या बाह्यांगाला, की ज्या अक्षावर प्रत्यक्ष कार्य घडते त्याला? शाळेच्या कार्यशाळेत लेथ असेल, तर एखाद्या साध्या पितळी नळीचे छिद्र आणि तिचे बाह्यांग यांचे मध्य किती जुळतात, हे शिक्षकांच्या देखरेखीखाली डायल गेज लावून पाहावे. काटा जेव्हा अनपेक्षितपणे हलू लागेल, तेव्हा सरळ दिसणे आणि सरळ असणे यांतील अंतर विद्यार्थ्याला आपल्या डोळ्यांनी पाहता येईल.